मेजर घाबरायला शिकतात

वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणसानं नवीन काय शिकावं, याबद्दल आमच्या बिल्डिंगमध्ये भरपूर मतं आहेत. कुणी पोहणं सुचवतं, कुणी कॉम्प्युटर. मी कमी बोलायला शिकावं, असं आमच्या हिचं मत आहे. मी घाबरायला शिकलो. तेही रीतसर, तीन जणांच्या मार्गदर्शनाखाली, आणि त्या नादात एक दाढ आणि एक नोकरी घालवून बसलो.

सुरुवात अगदी साधी झाली. फौजेतून बाहेर पडल्यापासून तेरा वर्षं मी एका मोठ्या कंपनीत आग विझवायची नळकांडी आणि धुराचे अलार्म विकत होतो. हे विकण्याचं शास्त्र असं, की आधी समोरच्याला घाबरवायचं. मी गिऱ्हाइकाच्या टेबलाखाली वाकून बघायचो, एखादी वायर नुसती बोटानं उचलायचो आणि हलक्या आवाजात विचारायचो, "इथं रोज किती माणसं बसतात?" पुढं काही बोलावं लागत नसे. असाच एकदा मालिका बनवणाऱ्या एका ऑफिसात गेलो. माझं प्रात्यक्षिक झालं. नळकांडं त्यांनी एकही घेतलं नाही. मला घेतलं.

म्हणजे, कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या एक बाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आधी कुठं काम केलंय?"

"फौजेत," मी म्हणालो.

"तसं नाही. अभिनय."

मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या की त्या दिग्दर्शिका आहेत, त्यांच्या मालिकेत एक छोटी भूमिका आहे आणि शूटिंग येत्या गुरुवारी आहे. माझ्या डोळ्यांपुढं लगेच वर्दी आली. छातीवर पदकांची ओळ आली. मी नकळत खांदे मागे घेतले.

"सराफाच्या दुकानातला भित्रा कारकून," त्या म्हणाल्या. "दरोडेखोर पिस्तूल रोखतो, हा लटलट कापतो, तिजोरीच्या किल्ल्या देतो आणि एक वाक्य बोलतो. 'घ्या, सगळं घ्या, पण मला घरी जाऊ द्या.'"

आता इथं एक खुलासा केला पाहिजे. बिल्डिंगमध्ये मला मेजर म्हणतात. मी मेजर नव्हतो. मी सतरा वर्षं वायरलेसवर होतो आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. पण राहायला आलो त्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझी ट्रंक पाहिली, मिशी पाहिली आणि परस्पर मला मेजर करून टाकलं. मी दोनतीनदा दुरुस्ती करून पाहिली. "मोठे अधिकारी असेच विनयी असतात," असं म्हणून त्यांनी ती फेटाळली. तेव्हापासून जिन्याचे दिवे, पाण्याच्या टाकीचं झाकण आणि गच्चीवरची कबुतरं ही खाती संरक्षण या सदराखाली माझ्याकडे आहेत. अशा माणसानं टीव्हीवर लटलट कापायचं, म्हणजे प्रश्न माझ्या एकट्याचा राहिला नाही.

घरी आल्यावर मी बातमी सांगितली. खरं सांगतो, इतका आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता. बूट काढायचे राहून गेले होते. मी तसाच खोलीत येरझारा घालत होतो. ही भाजी निवडत होती.

"तुम्ही घाबरणार? कसे?" तिनं विचारलं.

मी घाबरून दाखवलं. हात हलवले, दात वाजवले. हिनं शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाली, "थंडी वाजल्यासारखं वाटतंय. स्वेटर देऊ का?"

आमची मुलगी कॉलेजातून आली. तिच्यासमोर पुन्हा केलं. ती म्हणाली, "बाबा, फोन व्हायब्रेटवर ठेवल्यासारखे दिसता."

कलेच्या क्षेत्रात घरच्यांचं प्रोत्साहन फार मोलाचं असतं, असं मी ऐकून आहे.

तर दुसऱ्या दिवसापासून मी सरावाला लागलो. घरात हसतात म्हणून लिफ्टमध्ये. लिफ्टला आरसा आहे. तळमजल्यावरून सहाव्या मजल्यापर्यंत जाताना तीनदा नीट कापून होतं. लिफ्टमध्ये कॅमेरासुद्धा आहे हे मात्र मी विसरलो होतो. तो मीच बसवून घेतला होता, संरक्षण या सदराखाली. वॉचमननं पडद्यावर पाहिलं, की मेजरसाहेब लिफ्टमध्ये एकटेच थरथरत आहेत, किल्ल्या पुढं करत आहेत आणि आरशाला हात जोडत आहेत. त्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली. मी खाली उतरलो तर दोघे जण स्ट्रेचर घेऊन उभे. मी त्यांना मी ठणठणीत असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, असेल, पण त्यांच्या कागदावर रुग्णाची सही लागते. मी म्हणालो, रुग्णच नाही. ते म्हणाले, मग रुग्ण नाही असं रुग्णानं लिहून द्यावं लागेल. मी दिलं.

या प्रकारानं बातमी बिल्डिंगभर झाली आणि पहिला सल्ला तळमजल्यावरून आला. तिथं आमच्या दंतवैद्यांचा दवाखाना आहे.

"मेजर, भीती अशी आरशात बघून येत नसते," ते म्हणाले. "ती माझ्याकडे रोज सकाळी दहा ते एक बघायला मिळते. येऊन बसा. निरीक्षण करा."

मला हे पटलं. मंगळवारी सकाळी मी वही घेऊन दवाखान्यात बसलो. खरोखर, अभ्यासाला इतकी समृद्ध जागा दुसरी नाही. एक गृहस्थ जुनं मासिक उलटं धरून वाचत होते. एक बाई पर्सची चेन सारखी उघडत होत्या आणि लावत होत्या. मी सगळं टिपून घेत होतो. मध्येच डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आतल्या खुर्चीत बसून बघा. अनुभव वेगळा." मी बसलो. "तोंड उघडा. हां, अजून. म्हणजे पेशंटला कसं वाटतं ते कळेल." मी उघडलं. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला. मग म्हणाले, "मेजर, ही अक्कलदाढ किती वर्षं अशी आहे?"

पुढचं वर्णन करत नाही. संध्याकाळपर्यंत माझा उजवा गाल छोट्या उशीएवढा झाला होता. आणि गंमत म्हणजे दाढ निघेपर्यंत मी जरासुद्धा कापलो नाही. "काय माणूस आहे," असं डॉक्टर नर्सला सांगत होते. ज्यासाठी गेलो होतो तेवढंच नेमकं राहिलं.

दुसरा सल्ला सेक्रेटरींचा. ते स्वतः वर आले, बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मेजर, कापू नका."

"पण भूमिकाच तशी आहे."

"बदलून घ्या. दरोडेखोर पिस्तूल रोखतो, इथपर्यंत ठीक. मग तुम्ही त्याच्या हातावर एक फटका मारा. आपल्या बिल्डिंगचं नाव आहे. समोरच्या बिल्डिंगमध्ये क्रिकेटपटूचा मेहुणा राहतो, आपल्याकडे तुम्ही एकटेच आहात."

मी समजावलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी तातडीची सभा घेतली आणि ठराव पास करून घेतला, की सदर मालिकेत मेजरसाहेबांनी दरोडेखोराचा प्रतिकार करावा, निदान शेवटी तरी. ठराव एकमतानं मंजूर झाला. फक्त दंतवैद्य तटस्थ राहिले. गालावरची सूज हे त्यांचं योगदान प्रतिकारात झाकलं जाईल, अशी त्यांना शंका होती. ठरावाची प्रत दिग्दर्शिकाबाईंना वॉचमनच्या हाती, पोच घेऊन, गेली.

आणि आता रजेचं. हे सगळ्यात साधं काम म्हणून मी शेवटी ठेवलं होतं.

आमच्या कंपनीत रजा कॉम्प्युटरवर मागतात. मी मंगळवारी संध्याकाळी, गालाला बर्फ लावून, डाव्या हातानं अर्ज भरायला बसलो. कारण निवडायचं होतं. आजारपण, लग्न, मृत्यू, बाळंतपण. माझं कारण यात कुठं बसत नव्हतं. सगळ्यात खाली एक होतं, 'वैयक्तिक स्थित्यंतर'. मी तो शब्द दोनदा वाचला. सेल्समधून अभिनयात जायचं, भले एका दिवसासाठी का होईना, याला दुसरं काय म्हणणार? मला तर तो शब्द माझ्यासाठीच घातल्यासारखा वाटला. मी बटण दाबलं. 'खात्री आहे का?' असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. फौजेत आम्हाला असले प्रश्न दोनदा विचारावे लागत नसत.

बुधवारी सकाळी ऑफिसात गेलो तर माझ्या टेबलावर केक होता.

आमचे साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ते डोळे पुसत पुढं आले. "निदान मला तरी आधी सांगायचं होतंत," ते म्हणाले. "तेरा वर्षं. आणि असं एका क्लिकवर?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी माझ्या हातात सुरी दिली. माझा सुजलेला गाल पाहून अकाउंट्समधल्या बाई म्हणाल्या, "रडून रडून बघा काय झालंय." मला धड बोलताही येत नव्हतं. मी केक कापला. त्या क्षणी दुसरं काय करावं ते मला खरंच सुचलं नाही.

कर्मचारी विभागातल्या मॅडम अतिशय नम्र होत्या. त्यांनी सांगितलं, की 'वैयक्तिक स्थित्यंतर' म्हणजे राजीनामा. 'राजीनामा' हा शब्द मनाला लागतो, म्हणून मागच्या वर्षी बदलला.

"मग अर्ज मागं घेतो," मी म्हणालो.

"घेता येतो ना. तुमच्या लॉगिनमधून."

मी लॉगिन करून पाहिलं. बंद होतं.

"हो, ते स्थित्यंतर झाल्याबरोबर बंद होतं," मॅडम म्हणाल्या. "अर्ज फक्त कर्मचारीच मागं घेऊ शकतो."

"मी कर्मचारीच आहे."

"काल होतात," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं.

शेवटी साहेबांनी धावपळ केली. मुख्य कार्यालयातले मोठे साहेब उद्या येणार होते. त्यांच्यासमोर मी स्वतः उभा राहून चूक झाली असं सांगितलं, तर सगळं पूर्ववत होईल. वेळ ठरली. गुरुवारी, सकाळी अकरा. शूटिंगची वेळही तीच होती.

एका वाक्याच्या भूमिकेसाठी चांगली नोकरी घालवायची, हे कुणाला सांगितलं तरी लोक हसले असते. ही दार उघडून माझ्याकडे बघत राहिली. मी सरळ आत गेलो आणि बुटांचं कपाट आवरायला घेतलं. सगळे जोड काढले, पुसले, मापाप्रमाणे एका ओळीत लावले.

"काय झालंय?" ती म्हणाली.

"काही नाही. सर्व ठीक आहे."

"एवढं नीट बोलताय म्हणजे ठीक नाही." ती शेजारी जमिनीवर बसली. "मुलीच्या वेळी मला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा तुम्ही बाहेरच्या सगळ्या खुर्च्या एका रांगेत लावल्या होत्या. नर्सनं मला नंतर सांगितलं. तुम्ही घाबरलात की कापत नाही. आवरायला लागता."

मी तिला केकपासून सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"तेरा वर्षांत ऑफिसातून येऊन बूट न काढता येरझारा कधी घातल्यात?" तिनं विचारलं.

"शुक्रवारी."

"मग उद्या अकराला कुठं जायचं ते मला कशाला विचारताय?"

गुरुवारी मी सेटवर गेलो.

सराफाचं दुकान इतकं हुबेहूब होतं, की मी सवयीनं आधी छताकडे बघून अलार्म शोधला. रंगभूषा करणाऱ्यानं माझा गाल पाहून ब्रश खाली ठेवला आणि दिग्दर्शिकाबाईंना बोलावलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "दरोडेखोरानं आल्याआल्या एक ठोसा लगावलाय असं दाखवू." अशा रीतीनं माझी भूमिका वाढली. त्यांच्या टेबलावर आमच्या सोसायटीचा ठराव पडलेला होता. त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला होता.

दरोडेखोर फार सज्जन माणूस होता. मला मारल्याचं नाटक करण्याआधी त्यानं तीनदा माफी मागितली आणि मधल्या वेळात घरी अलार्म बसवावा का असं विचारलं. बसवा म्हणालो. तो पुतण्याच्या बारशाला जायचंय म्हणून घाईत होता आणि माझ्यामुळं अडकला होता. कारण मला कापता येईना. पहिल्या टेकला मी सावधानमध्ये उभा राहिलो. दुसऱ्याला कापलो, तर काउंटरवरची काच खडखडली. तिसऱ्याला बाई म्हणाल्या, "खांदे पाडा." खांदे पाडले तर छाती पुढं आली. सातव्या टेकनंतर कॅमेरामननं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तेरा वर्षांच्या सेल्सनं मला एक गोष्ट शिकवली आहे. गिऱ्हाईक खिडकीबाहेर बघू लागलं, की बॅग उचलायची.

मी किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. बाईंनी सगळ्यांना चहाची सुट्टी दिली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुम्ही खरंच कधी घाबरला होतात का?" त्यांनी विचारलं.

फौजेतून आल्यापासून मला लोकांनी खूप काही विचारलंय. बंदूक किती जड असते, बर्फात झोप लागते का, किती जणांना उडवलंत. हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं, की हे मी हिलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरावरची चौकी. सकाळी आम्ही चहा पीत होतो आणि गोळाबार सुरू झाला. वायरलेसच्या खोपटात आम्ही दोघंच होतो. मी सेटवर, आणि माझा जोडीदार सेटला वीज पुरवणाऱ्या यंत्राचं हँडल हातानं फिरवत होता. चार तास मी खाली निरोप देत राहिलो. नंतर अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, की याचा आवाज एकदाही हलला नाही. हलला नाही हे खरं. पण तोंडानं मी आकडे सांगत होतो आणि आत चार तास एकच वाक्य चालू होतं.

"कोणतं?" बाईंनी विचारलं.

"ते तुमच्या लेखकानं कुठून मिळवलं मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण किल्ल्या देताना मला तुम्ही तेच बोलायला सांगताय."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कापू नका. त्या दिवशी जसे बसला होतात तसं करा."

आठवा टेक. दरोडेखोरानं पिस्तूल रोखलं. मी किल्ल्या काढून काउंटरवर सरळ ठेवल्या. अंगठ्यांच्या डब्या विस्कटल्या होत्या. त्या एकेक करून ओळीत लावल्या, कडेला कड जुळवून. मग वर बघितलं आणि वायरलेसवर बोलायचो त्या स्वच्छ, सपाट आवाजात म्हणालो, "घ्या. सगळं घ्या. पण मला घरी जाऊ द्या."

दरोडेखोर त्याचं पुढचं वाक्य विसरला. कॅमेरामन आता खिडकीकडे बघत नव्हता. बाईंनी 'कट' म्हणायला इतका उशीर केला, की मी आणखी चार डब्या लावून टाकल्या. बाहेर येऊन मी रस्त्याकडेच्या बाकावर बसलो. तेव्हा कुठं माझे गुडघे कापायला लागले, अगदी लिफ्टमध्ये जमत नव्हतं तसे. मला इतका आनंद झाला होता, की मी त्यांना कापू दिलं.

नोकरी गेली. साहेबांनी पेनसेट पाठवला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, रविवारी संध्याकाळी, तो भाग लागला. आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दंतवैद्य टीव्हीच्या अगदी जवळ बसले होते. सेक्रेटरी हाताची घडी घालून मागं उभे. माझा प्रसंग आला आणि गेला. गालाचं श्रेय घ्यायलाही दंतवैद्य विसरले.

मग सेक्रेटरींनी घसा साफ केला. "मागच्या वर्षी मी लिफ्टमध्ये अडकलो होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा मी वॉचमनला सांगितलं होतं की आत पेपर वाचत होतो. पेपर नव्हता माझ्याकडे." यावर दंतवैद्य हळूच म्हणाले, की ते स्वतः आपले दात दुसऱ्या गावात जाऊन दाखवतात आणि आदल्या दिवशी जेवत नाहीत. मग प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं. हिनं दोनदा चहा टाकला. इतकी मनमोकळी सभा आमच्या सोसायटीत कधी झाली नव्हती, आणि कुणी ठराव मांडला नाही.

त्या गोंधळातच फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"मी चक्की बोलतोय," पलीकडून आवाज आला.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. चक्की म्हणजे तो माझा जोडीदार. हँडल फिरवायचा म्हणून पलटणीनं ठेवलेलं नाव. चोवीस वर्षांत आमचं बोलणं झालं नव्हतं.

"तुला बघितलं आत्ता. नंबर पलटणीतल्या एकाकडून घेतला," तो म्हणाला. "तो आवाज ओळखला मी. एक विचारू? त्या दिवशी तू घाबरला होतास?"

"हो."

"चार तास?"

"चारही."

"मग मला सांगायचं नाही का? मी तुझा आवाज ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हा बघ कसा दगडासारखा बसलाय, आणि आपण असे भित्रे. म्हणून मी पुढं तुला पत्रसुद्धा लिहिलं नाही."

"अरे, मी तुझ्याकडे बघून आवाज धरला होता. किती संथ फिरवत होतास तू हँडल."

"थांबवलं असतं तर हात कापताना दिसला असता," चक्की म्हणाला.

आम्ही दोघंही हसायला लागलो. हसणं थांबेना. ही दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता दार ओढून घेऊन गेली.

"आता पुढं काय?" चक्कीनं डोळे पुसत असल्यासारख्या आवाजात विचारलं.

"वकिलाची भूमिका आलीय. चार पानं बोलायचंय."

"त्यातही घाबरायचंय?"

"नाही. सगळ्यांसमोर ठामपणे खोटं बोलायचंय."

"मग काळजी नाही," तो म्हणाला. "त्याचा सराव तुझा चोवीस वर्षांचा आहे."